गाडीतील वेगवान डेटा-जाळ्याची तपासणी आणि दुरुस्ती : खान्देशातील ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी

धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात केळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपपासून चालकसाहाय्य यंत्रणा असलेल्या नव्या एसयूव्हीपर्यंत सगळ्या पिढ्यांच्या गाड्या येतात. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषण-मानके लागू झाल्यापासून मालवाहू गाड्यांतही कंट्रोल युनिटांची (गाडीतील छोट्या संगणकांची) संख्या वाढली आणि ‘तुटली तार, जोडली, टेप मारला’ या पद्धतीने न सुटणारे बिघाड नित्याचे झाले.

दिव्याच्या तारेत विजेला वाट मिळाली की काम भागते. डेटाच्या तारेत मात्र तारेचा पीळ, दोन तारांमधले अंतर, एकूण लांबी आणि टोकाला बसवलेला रोध (रेझिस्टर) हे सर्व सर्किटचेच भाग असतात. म्हणूनच मीटरवर सलग दिसणारी तारसुद्धा डेटासाठी नादुरुस्त असू शकते. पुढील सर्व पायऱ्यांचा क्रम याच एका गोष्टीवर बेतलेला आहे : आधी मोजायचे, मग उघडायचे, आणि तारेला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

कोणती तार किती वेगाची

लिन ही सर्वांत संथ जोडणी होय. तिला एकच तार लागते, ती बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालते आणि तिचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २० किलोबिट असतो. काचा, आरसे, वायपर, पावसाचा सेन्सर अशी कामे तिच्याकडे असतात आणि तेथे साधा मल्टिमीटर पुरतो.

कॅन ही दोन तारांची जोडणी बॉश कंपनीत १९८३ पासून आकाराला आली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील परिषदेत जाहीर झाली. तिचा कमाल वेग १ मेगाबिट असून प्रवासी गाड्यांत बहुधा ५०० किलोबिटांचा वेग वापरतात. एका संदेशात जास्तीत जास्त ८ बाइट मावतात. ट्रकमध्ये हीच जोडणी जे१९३९ या नियमावलीनुसार २५० किंवा ५०० किलोबिटांवर चालते. २०१२ मध्ये आलेल्या कॅन एफडीमध्ये एका संदेशात ६४ बाइट जातात आणि मजकुराचा भाग २ किंवा ५ मेगाबिटांच्या वेगाने धावतो. कॅनवर एक युनिट बोलले की त्या तारेवरील सर्व युनिटे ऐकतात. गावात दवंडी पिटावी तसा हा प्रकार आहे, ज्याचे काम असेल त्याने संदेश घ्यावा.

कॅमेरा आला आणि ही पद्धत अपुरी पडली. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला १६ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे असा हिशेब मांडला, तर एका कॅमेऱ्यासाठीच सेकंदाला सुमारे ४४२ मेगाबिट लागतात, म्हणजे ५०० किलोबिटांच्या कॅनच्या जवळजवळ नऊशेपट. गाडीभोवतीचे दृश्य दाखवणाऱ्या यंत्रणेत असे चार कॅमेरे असतात. यातून दोन वाटा निघाल्या. पहिली, चित्र दाबून लहान करायचे आणि इथरनेटवरून पाठवायचे. दुसरी, चित्र जसेच्या तसे कोअॅक्स केबलमधून नेमलेल्या चिपजोडीकरवी पाठवायचे. जीएमएसएल आणि एफपीडी-लिंक ही या दुसऱ्या वाटेची प्रचलित नावे आहेत.

गाडीतील इथरनेट म्हणजे घरच्या राउटरची केबल नव्हे. घरच्या १०० मेगाबिट जोडणीत तारांच्या दोन जोड्या वापरल्या जातात, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. गाडीतील १००बेस-टी१ जोडणीत पिळाची एकच जोडी असते, तिला शील्ड (धातूचे संरक्षक वेष्टण) असण्याची सक्ती नसते, ती १५ मीटरपर्यंत चालते आणि त्याच दोन तारांवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना डेटा वाहतो. प्रत्येक टोकाची चिप समोरून आलेल्या संकेतातून स्वतःचा आवाज वजा करून घेते. ब्रॉडकॉमच्या ब्रॉड-आर-रीच तंत्रातून ही जोडणी आली, २०१३ मध्ये बीएमडब्ल्यू एक्स५ मध्ये ती कॅमेऱ्यांसाठी वापरली गेली आणि २०१५ मध्ये आयट्रिपलई या मानक-संस्थेकडून ८०२.३बीडब्ल्यू या क्रमांकाने प्रमाणित झाली. त्यानंतर २०१६ मध्ये १ गिगाबिटची १०००बेस-टी१ आणि २०२० मध्ये २.५, ५ व १० गिगाबिटांची मानके आली. उलट्या टोकाला १०बेस-टी१एस ही १० मेगाबिटांची स्वस्त जोडणी आहे. तिच्यात कॅनप्रमाणे एकाच जोडीवर अनेक युनिटे बसतात. फ्लेक्सरे आणि मोस्ट या जोडण्यांची नावे जुन्या महागड्या परदेशी गाड्यांत भेटतात. आपल्या बाजूला त्यांची गाठ क्वचितच पडते.

डोळ्यांनी ओळखायची खूण अशी. कॅनची जोडी इतर दहा-वीस तारांबरोबर एकाच मोठ्या कपलरमध्ये (कनेक्टरमध्ये) शिरते. इथरनेटच्या जोडीला बहुधा स्वतःचा लहान कपलर किंवा कपलरमधला वेगळा कप्पा असतो आणि तिचा पीळ अगदी पिनेपर्यंत राखलेला असतो. कोअॅक्स एकटी, गोल, काळी असते आणि तिच्या टोकाला रंगीत चौकोनी फाक्रा कपलर असतो. तारेच्या रंगावर भरवसा ठेवू नये, कारण तो कंपनीनुसारच नव्हे, मॉडेलच्या वर्षानुसारही बदलतो. त्या गाडीचे वायरिंग डायग्राम हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हाताशी काय असावे

चांगला डिजिटल मल्टिमीटर, सर्व युनिटे वाचणारा स्कॅनर, दोन चॅनेलचा २० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून मोठा ऑसिलोस्कोप, कपलरच्या मागून सरकवायच्या बारीक प्रोब-पिना, पिन काढायचे हत्यार आणि त्या-त्या पिनेचा क्रिंपिंग प्लायर. इथरनेटची कामे वारंवार येत असतील, तर १००बेस-टी१ वरून साध्या लॅपटॉपच्या सॉकेटवर आणणारा मीडिया कन्व्हर्टर घ्यावा. बल्बचा टेस्ट लॅम्प या कामापुरता ड्रॉवरमध्येच राहू द्यावा; बल्ब जो करंट ओढतो, तो डेटा-तारेमागची चिप देऊ शकत नाही आणि मूळ बिघाडात आपली भर पडते. तारेचे आवरण टोचणारी सुईही टाळावी, कारण त्या छिद्रातून पहिल्या पावसातच ओल आत शिरते.

पायरी १ : गाडीचा इतिहास विचारा

स्कॅनर लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पुढची काच बदलली आहे का? बंपर, दरवाजा किंवा आरसा रंगकामासाठी उतरवला होता का? बाहेरून जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टीम बसवली आहे का? इंजिनवर प्रेशरने पाणी मारले का? या चार उत्तरांतच शोधाची दिशा बहुतेकदा सापडते, आणि गिऱ्हाईक ती आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने रंगकामाचा आणि काळ्या पडलेल्या पडद्याचा काही संबंध नसतो.

आपल्या भागात पाचवा प्रश्न विचारणे भाग आहे : गाडी रात्री कुठे उभी असते? जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या एका पिकअपच्या डॅशबोर्डवर एबीएस आणि पॉवर स्टीअरिंग हे दोन्ही दिवे एकाच सकाळी लागले होते. बॅटरीच्या मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) लागून, कपाशीचा मूठभर पुंजका आणि सरकीची टरफले निघाली. पुंजका बाजूला सारल्यावर पिळाच्या जोडीतील एक तार पूर्ण कुरतडलेली होती आणि दुसरीचे आवरण अर्धा इंच सोललेले असून आतले तांबे शाबूत होते. बाहेरच्या काळ्या टेपवर मात्र चार दातांच्या खुणांपलीकडे काही दिसत नव्हते. उंदरांचा उपद्रव असलेल्या जागी हार्नेसवरून (तारांच्या जुडग्यावरून) नुसती नजर फिरवून भागत नाही. बोटांनी चाचपून पाहावे लागते.

पायरी २ : बॅटरी आणि बॉडी अर्थ

ही पायरी लहान आहे, पण ती टाळून पुढे गेल्यास नंतरची सर्व मोजमापे फसवी ठरतात. विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेले की काही युनिटे क्षणभर बंद पडतात आणि बाकीची त्यांच्या नावाने ‘संपर्क तुटला’ असा यू-कोड नोंदवून ठेवतात. असे कोड पुसून, बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावे. प्रत्येक अर्थ-बिंदूवर चालू भाराखाली बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचे व्होल्टेज मोजावे, ते ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर थिंबल (तारेचे गोल टोक) उघडून पत्रा घासून घ्यावा.

विद्युत गाडीत नारिंगी केबलांना आणि कोणत्याही गाडीत एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना हात लावू नये. त्या कामाचे प्रशिक्षण आणि साधने वेगळी आहेत.

पायरी ३ : कोण बोलते आणि कोण गप्प आहे, याचा नकाशा काढा

स्कॅनरने एकट्या इंजिनची नव्हे, सर्व युनिटांची तपासणी करावी. कागदावर वायरिंग डायग्रामनुसार युनिटे मांडावीत आणि जी उत्तर देत नाहीत त्यांवर खूण करावी. एकच युनिट गप्प असेल, तर त्याचा फ्यूज, पुरवठा, अर्थ आणि त्याच्यापुरता फाटा (मुख्य तारेतून निघालेली शाखा) पाहावा. एका तारेवरची सगळी युनिटे गप्प असतील, तर ती मुख्य तार, तिचा टर्मिनेटर (टोकाला बसवलेला रोध) किंवा ती अडवून धरणारे एखादे बिघडलेले युनिट यांचा संशय घ्यावा. यू०१०० हा कोड इंजिन युनिटशी आणि यू०१२१ हा एबीएस युनिटशी संपर्क तुटल्याचे सांगतो. पण कोड ज्याने लिहिला ते युनिट फिर्यादी आहे, आरोपी नव्हे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

पायरी ४ : कॅनचा रोध आणि व्होल्टेज

स्कॅनर जोडायच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये ६ क्रमांकावर कॅन-हाय, १४ वर कॅन-लो, ४ वर बॉडी अर्थ आणि १६ वर बॅटरीचा पुरवठा असतो. नऊ पिनांचे गोल सॉकेट असलेल्या जे१९३९ च्या गाडीत सी ही कॅन-हाय आणि डी ही कॅन-लो. प्रथम किल्ली काढावी, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि काही मिनिटे थांबावे, नाहीतर जाग्या युनिटांमुळे मीटर चुकीचा रोध दाखवतो. नंतर ६ आणि १४ यांमधील रोध मोजावा.

मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर असल्याने सुस्थितीत ६० ओहमच्या जवळपास आकडा येतो. १२० आला, तर एक टर्मिनेटर किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटलेली आहे. वर सांगितलेल्या पिकअपमध्ये हाच आकडा आला होता. ४० आला, तर कोणीतरी तिसरा टर्मिनेटर असलेले उपकरण जोडले आहे. शून्याजवळ आला, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. नव्या गाड्यांत मात्र एक मेख आहे. ओबीडी सॉकेटमधून निघालेल्या तारा थेट गेटवे युनिटपर्यंतच (निरनिराळ्या तारांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या युनिटपर्यंतच) जातात आणि इंजिन, बॉडी, चालकसाहाय्य यांच्या कॅन-तारा त्या गेटवेच्या पलीकडे असतात. अशा गाडीत सॉकेटवर मोजलेला रोध त्या छोट्या तुकड्यापुरताच खरा असतो. पलीकडच्या प्रत्येक तारेचा रोध गेटवेच्या कपलरवर डायग्राम पाहून स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

रोध ठीक असल्यास बॅटरी जोडून किल्ली चालू करावी आणि अर्थच्या तुलनेत व्होल्टेज घ्यावे. तार निवांत असताना दोन्ही बाजू २.५ व्होल्टवर असतात. संदेश जाताना हाय सुमारे ३.५ पर्यंत चढते आणि लो सुमारे १.५ पर्यंत उतरते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्यावर हाय साधारण २.६ ते २.७ आणि लो २.३ ते २.४ दिसते. दोन्हींची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास आली पाहिजे, ही चटकन पडताळणी करण्याची चांगली सोय आहे. २४ व्होल्टच्या ट्रकमध्येही हेच आकडे असतात. एक बाजू शून्यावर किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवर खिळली असेल, तर ती तार अर्थला किंवा पुरवठ्याला लागली आहे. दोन्ही शून्यावर असतील, तर जाळे झोपलेले तर नाही ना, हे आधी पाहावे.

ऑसिलोस्कोपवर दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातील प्रतिमा दिसल्या पाहिजेत. ५०० किलोबिटांवर एका बिटाचा काळ २ मायक्रोसेकंद असतो. कडा गोलसर होत असतील किंवा प्रत्येक कडेनंतर लहरी उठत असतील, तर टर्मिनेटर किंवा जास्त लांब फाटा हे कारण असते.

पायरी ५ : एकेक युनिट वेगळे करणे

तार अडलेली असेल, तर स्कोप किंवा मीटर जोडलेला ठेवून एकेक युनिटचा कपलर काढत जावे. ज्याचा कपलर काढताच व्होल्टेज पूर्ववत होते, त्या युनिटाकडे किंवा त्याच्या फाट्याकडे दोष असतो. मुख्य जोडाच्या गाठीपासून सुरुवात केली तर वेळ निम्मा लागतो. कपलर काढला की त्यातल्या पिना भिंगाने पाहाव्यात. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली जाते तेथे पिनांवर पांढरट पापुद्रा आणि त्याखाली हिरवा गंज सापडतो. कधीकधी ओल तारेच्या आतून केशाकर्षणाने चढत जाऊन हातभर दूरच्या कपलरमध्ये निघते. अशी तार कापल्यावर तांबे काळे दिसते. ते जेथपर्यंत काळे असेल तेथपर्यंत बदलावे लागते.

पायरी ६ : इथरनेटची जोडी

येथे कॅनची सवय बाजूला ठेवावी लागते. पहिली गोष्ट, १००बेस-टी१ च्या टोकाला चिप आणि तार यांच्यामध्ये कपॅसिटर असतात, त्यामुळे दोन तारांमध्ये ‘६० ओहम’ असा कोणताही सुस्थितीचा आकडा मिळत नाही. मल्टिमीटरचा उपयोग एवढाच की दोन्ही टोकांचे कपलर काढून प्रत्येक तार सलग आहे ना, दोन्ही एकमेकींना किंवा बॉडीला चिकटलेल्या नाहीत ना, हे पाहावे. दुसरी गोष्ट, स्कोपवर दोन्ही दिशांचे संकेत एकमेकांवर स्वार झालेले दिसतात आणि त्यातून डोळ्यांना काही बोध होत नाही. तिसरी, इथरनेटमध्ये प्रत्येक तार दोनच टोकांमधली असते आणि मध्ये डेटा योग्य वाटेला लावणारा स्विच असतो. म्हणून मध्येच चिमटा लावून ऐकता येत नाही.

मग तपासायचे कसे? चिपला स्वतःची तार कशी आहे हे कळत असते. स्कॅनरच्या चालू-माहितीत लिंक (दोन टोकांमधला संपर्क) जोडली आहे की नाही हे आणि कित्येक गाड्यांत संकेताच्या गुणवत्तेचा अंक मिळतो; गाडीतील इथरनेटसाठीच्या ओपन अलायन्स या संघटनेच्या पद्धतीनुसार तो ० ते ७ असतो. लिंक जोडलेली पण अंक खालचा, आणि हार्नेस हलवताच तो आणखी घसरतो, हा पिनेच्या किंवा पिळाच्या दोषाचा ठोस पुरावा समजावा. काही चिपा तारेत विजेचा ठोका पाठवून तो प्रतिध्वनीसारखा किती वेळाने परततो त्यावरून दोष किती अंतरावर आहे हेही सांगतात. तारेत संकेत एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो.

लॅपटॉप जोडायचा असेल, तर संशयित युनिटचा कपलर काढून त्याच्या जागी मीडिया कन्व्हर्टर लावावा. या जोडणीत एका टोकाने मास्टर (ठेका देणारे) आणि दुसऱ्याने स्लेव्ह (तो पाळणारे) असावे लागते. दोन्ही मास्टर किंवा दोन्ही स्लेव्ह असतील, तर तार नवीकोरी असूनही लिंक जुळत नाही. म्हणून कन्व्हर्टरचे बटण एका स्थितीत लिंक जुळवत नसेल, तर दुसऱ्या स्थितीत फिरवून पाहावे आणि मगच तारेला दोष द्यावा. समोरच्या युनिटशी लिंक जुळली, तर दोष काढलेल्या युनिटमध्ये किंवा त्याच्या पिनांत आहे. ज्या गाड्यांत ओबीडी सॉकेटमधूनच इथरनेटने निदान होते, तेथे बहुधा ३, ११, १२ आणि १३ या पिना त्यासाठी असतात आणि ८ क्रमांकाची पिन ती वाट चालू करते. आयएसओ १३४०० या मानकानुसार चालणारे हे निदान युनिटांत नवे सॉफ्टवेअर भरताना कॅनपेक्षा कित्येक पटींनी वेगवान असते. मात्र ते भरत असताना बॅटरीला स्थिर चार्जर लावणे अनिवार्य समजावे.

पायरी ७ : कॅमेऱ्याची कोअॅक्स

या केबलमधून चित्र एका दिशेने, आज्ञा उलट दिशेने आणि कॅमेऱ्याचा विद्युतपुरवठाही त्याच तारेतून जातो. पडदा काळा असल्यास कॅमेऱ्याकडचा फाक्रा काढून मधल्या पिनेवर पुरवठा येतो का ते पाहावे. काही युनिटे कॅमेरा न सापडल्यास पुरवठा क्षणात बंद करतात, म्हणून मीटर आधी लावून मग किल्ली चालू करावी. पुरवठा येतो पण चित्र फाटते किंवा उन्हात जाते, तर केबल किंवा कपलर यांचा संशय घ्यावा.

यावल भागातील एका एसयूव्हीत उजव्या आरशाचा कॅमेरा सकाळी चालायचा आणि दुपारी दोननंतर काळा पडायचा. दरवाजा रंगकामासाठी उतरवला होता. दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीजवळचा फाक्रा पूर्ण बसलेला दिसत होता, पण त्याची कडी लागलेली नव्हती. ऊन चढले की प्लास्टिक सैलावून पिन केसभर मागे सरे. कपलर काढून, ‘टक’ असा आवाज होईपर्यंत बसवणे एवढेच काम होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतच पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे त्याहून कितीतरी जास्त. चिपा १०५ किंवा १२५ अंशांपर्यंत टिकतील अशा निवडलेल्या असतात. अर्धवट बसलेला कपलर मात्र उष्णतेत आधी दगा देतो.

पायरी ८ : तार दुरुस्त करणे

कॅनची जोडी तुटलेली असल्यास जोडता येते, पण काही बंधने पाळून. बऱ्याच कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका सांगतात की पीळ ५० मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये आणि दोन जोडांमध्ये किमान १०० मिलिमीटर अंतर ठेवावे. दोन्ही तारांचे जोड एकाच जागी न ठेवता पुढेमागे ठेवावेत, दोन्ही तारांची लांबी सारखी राहील हे पाहावे, क्रिंप स्लीव्ह वापरून वर चिकट अस्तराची हीट-श्रिंक घालावी आणि मूळ पिळाच्या घनतेनेच पुन्हा पीळ द्यावा. हाताने पिळून वर डाग (सोल्डर) दिलेला जोड टेबलावर छान दिसतो, पण डाग जेथे संपतो तेथे तार कडक होते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर नेमकी तेथेच तुटते.

इथरनेटच्या जोडीला मध्ये जोड देऊ नये. पूर्ण जोडी कपलरपासून कपलरपर्यंत बदलावी. कारण असे की १०००बेस-टी१ चा संकेत ३७५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो आणि त्या वारंवारतेला तारेतील लहरीची लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असते. तिच्यापुढे पाच-सात सेंटिमीटर पीळ उकललेली जागा नगण्य राहत नाही, तेथून संकेताचा काही अंश मागे परावर्तित होतो. या जोडीचा इंपिडन्स (वेगवान संकेताला जाणवणारा रोध, जो मीटरवर दिसत नाही) १०० ओहम धरून कपलर, पिना आणि पीळ या साऱ्यांची रचना केलेली असते. बाजारातली दुसरी पिळाची तार दिसायला तशीच असली, तरी तिचे आवरण आणि जाडी वेगळी असल्याने ती चालेलच असे नाही. जुनी जोडी हार्नेसमधून ओढून काढण्याचा अट्टहास नको. दोन्ही टोके कापून, बंद करून तशीच राहू द्यावी आणि नवी जोडी मूळ मार्गाने बाहेरून बांधावी.

कोअॅक्सही बदलायचीच असते. नवी केबल टाकताना तिच्या जाडीच्या दहापट तरी गोलाईचे वळण ठेवावे आणि केबल-टाय इतका आवळू नये की गोल केबल चपटी होईल.

पायरी ९ : बाहेरची उपकरणे

ट्रॅकर, डॅशकॅम आणि म्युझिक सिस्टीम यांचा पुरवठा फ्यूज बॉक्समधून घ्यावा. कॅनच्या तारा सोलून त्यांना वेटोळे मारणे हा आपल्याकडचा रूढ पण घातक प्रकार आहे. १ मेगाबिटच्या कॅनवर फाटा साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा असा दंडक आहे, आणि ट्रॅकर बसवणारा सीटखालपर्यंत दीड-दोन मीटर तार सहज नेतो.

ओबीडी सॉकेटमध्ये कायम खोचलेला ट्रॅकर दुसऱ्या प्रकारे त्रास देतो. तो सतत प्रश्न विचारत राहिला, तर जाळे झोपत नाही. गाडी कुलूप लावून अर्धा-पाऊण तास थांबल्यावर क्लॅम्प मीटरने मोजलेला करंट बहुतेक गाड्यांत ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो २०० राहिला, तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास जातात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी उभ्या गाडीत नऊ-दहा दिवसांत संपते. लग्नसराईत गाडी घरी ठेवून बाहेरगावी गेलेला गिऱ्हाईक परत येऊन बॅटरीला दोष देतो, तेव्हा आधी सॉकेटकडे पाहावे.

पायरी १० : काम झाल्याची खात्री

सर्व कोड पुसून, किल्ली बंद-चालू करून, सर्व युनिटांची तपासणी पुन्हा करावी. पूर्वीचा आणि आताचा रोध, व्होल्टेज आणि लिंकच्या गुणवत्तेचा अंक जॉब-कार्डवर लिहून ठेवावा. नंतर गाडी ऊन चढल्यावर आणि खराब रस्त्यावर चालवावी. चाळीसगावकडील इलेक्ट्रिशियनला कन्नड घाट आणि शिरपूरकडील मंडळींना बिजासन घाट यासाठी सोयीचा आहे, कारण वळणे, चढ आणि धक्के एकाच फेरीत मिळतात. स्कॅनर जोडून नोंद चालू ठेवावी आणि वाचायचे काम शेजारी बसलेल्याने करावे.

पुढची काच, पुढचा कॅमेरा किंवा बंपरमागचे रडार हलवले असेल, तर लिंक जुळली म्हणून काम संपत नाही. कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने आणि फलकांनी करून घ्यावे लागते, अन्यथा गाडी रस्त्याच्या पट्ट्या चुकीच्या जागी पाहते आणि ब्रेक भलत्या वेळी लागण्याची शक्यता राहते. तसेच गेटवे, इंजिन युनिट किंवा किल्लीशी निगडित युनिट बदलायचे असल्यास त्यांचे कोडिंग कंपनीच्या सर्व्हरशी जोडूनच होते. अशी गाडी अधिकृत सेवा केंद्राकडे पाठवावी आणि सोबत आपल्या मोजमापांचा कागद द्यावा, म्हणजे तेथील तंत्रज्ञाला पहिल्या पाच पायऱ्या पुन्हा कराव्या लागत नाहीत आणि गिऱ्हाइकाला तपासणीचे पैसे दोनदा मोजावे लागत नाहीत.